आईंना आणायला

१

प्फिंगस्टनच्या सणाच्या सुट्टीत व्हेनिसला जायचं, हे जयंतनं आणि मी हिवाळ्यातच ठरवून टाकलं होतं. मेअखेरीला शाळा बंद, कंपनीतही सगळे रजेवर, म्हणजे निघायला सोपं. सन दोन हजार चार. जर्मनीत, श्टुटगार्टच्या त्सुफेनहाउझेन भागात आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहायचो. जयंत इंजिनिअर, कंपनी चालत जाण्याएवढ्या अंतरावर. मी विद्यापीठात केमिस्ट्रीत डॉक्टरेट करत होते आणि उर्जा किंडरगार्टनच्या शेवटच्या वर्षाला होती.

त्या वसंतात माझ्या सासूबाई आमच्याकडे आल्या. सासरे आदल्या दिवाळीनंतर गेले होते. आईंनी वाईच्या घराला कुलूप लावलं, किल्ली शेजारच्या सरितावहिनींकडे दिली आणि व्हिजिटर व्हिसावर इकडे आल्या. मुलींच्या शाळेत त्यांनी जन्मभर शिवणकाम शिकवलं होतं. हातात सतत क्रोशाची सुई आणि पांढरा दोरा. पण मन कशात नव्हतं. आज भाजी कुठली करू? 'चालेल.' बागेत जायचं का? 'चालेल.' खिडकी उघडू? 'चालेल.' पाहुण्यानं दुसऱ्याच्या घरात बेतानं बसावं, तशा त्या स्वतःच्या मुलाच्या घरात बसायच्या.

एका रविवारी दुपारी जेवणं आटोपून आम्ही टेबलावर नकाशा आणि लायब्ररीतून आणलेलं व्हेनिसचं पुस्तक पसरलं. गाडीनं जायचं, व्हेनिसच्या अलीकडे मेस्त्रेला हॉटेलात राहायचं, एक दिवस बेटांसाठी ठेवायचा. कुठलं बेट, यावर आमचा वाद चालला होता. जयंतला काचकाम बघायचं होतं. मी पानं उलटत होते, तेवढ्यात मधेच आईंचा हात आला आणि त्यांनी एका फोटोवर बोट ठेवलं.

"इथं जाऊया का गं?"

आम्ही दोघं बघतच राहिलो. आल्यापासून पहिल्यांदा त्यांनी काही मागितलं होतं.

फोटो बुरानोचा होता. अरुंद कालवा, दोन्ही बाजूंना लाल, पोपटी, जांभळी, हळदीसारखी पिवळी घरं. खालच्या कोपऱ्यात छोट्या फोटोत मांडीवर उशी घेऊन लेस करणाऱ्या बायका.

"एवढा रंग कशाला दिलाय घरांना?" आईंनी विचारलं.

"धुक्यात कोळ्यांना आपापलं घर ओळखू यावं म्हणून, असं म्हणतात," जयंत म्हणाला.

"बरं आहे. म्हणजे चुकायला नको." त्यांनी चष्मा वर सरकवून लहान फोटो जवळ ओढला. "आणि हे आपल्यासारखं नाही बरं का. ही साधी शिवणाची सुई आहे. खाली कापडही नाही. नुसत्या दोऱ्यावर दोरा."

बोट त्यांनी बराच वेळ तिथून काढलं नाही. उर्जा पान उलटायला बघत होती, शेवटी तिनंच त्यांचा हात उचलून बाजूला ठेवला.

२

त्या आठवड्यात एक दिवस मी प्रबंध लिहायला घरीच थांबले होते. सकाळची कामं उरकल्यावर म्हटलं, बुरानोचं बघून टाकू. आईंचा गुडघा दुखायचा. बोटीच्या धक्क्यापासून किती चालावं लागतं, कुठं बसता येतं, लेस करताना खरंच बघायला मिळतं की नुसती दुकानं आहेत, एवढं विचारायचं होतं. पुस्तकाच्या मागं काही दुकानांचे फोन दिले होते, त्यातल्या एका लहानशा दुकानाला फोन लावला.

आई बाल्कनीत कपडे वाळत घालत होत्या. काचेच्या दारातून मला त्यांची पाठ दिसत होती.

फोन बराच वेळ वाजला. मग एका बाईनं उचलला. मी इंग्रजीत सुरुवात केली तर तिनंच विचारलं, जर्मन चालेल का. तिचं जर्मन डोंगराकडचं, टिरोलच्या बाजूचं वाटलं. मला हायसं वाटलं. मी नाव सांगितलं आणि श्टुटगार्टहून बोलतेय म्हटलं.

"आख, फ्राउ खांबेटे," ती म्हणाली. "बरं झालं तुम्ही फोन केलात."

मला आधी काय खटकलं असेल तर ते माझं आडनाव. इतकी वर्षं जर्मनीत राहून एकाही माणसाला ते नीट म्हणता आलं नव्हतं. कामबेट, कंबेटी, काहीही. माझ्या प्रोफेसरांनी तर नाद सोडून दिला होता. या बाईनं 'ख' अगदी स्वच्छ म्हटला, आईंच्या तोंडून ऐकून म्हणावा तसा.

"तुमच्या सासूबाई बऱ्या आहेत," ती पुढं म्हणाली. "काळजी करू नका. थंडी वाजत होती, मी शाल दिलीये. जेवतात मात्र थोडंच. आल्झो, तुम्ही त्यांना न्यायला कधी येताय?"

मी हसून म्हटलं, काहीतरी गैरसमज होतोय. आम्ही अजून आलोच नाही. सुट्टीत येणार आहोत, म्हणून तर चौकशी करतेय.

"हो, हो," ती शांतपणे म्हणाली. आवाजात राग नव्हता, कंटाळा होता. "सगळे असंच म्हणतात."

"तुम्ही दुसऱ्या कुणाबद्दल तरी बोलताय."

"पांढरी साडी, बारीक काठाची. वर तपकिरी स्वेटर. आणि पायात निळे खेळाचे बूट. गेनाऊ? बरोबर ना?"

मी बाल्कनीकडे बघितलं. पांढरी साडी. तपकिरी स्वेटर. इथल्या ओल्या फरसबंदीवर चपला घसरायला लागल्या म्हणून जयंतनं त्यांना हेर्त्सोगेनआउराखला बुटांच्या फॅक्टरीच्या सेलमध्ये नेऊन निळे बूट घेऊन दिले होते, आणि त्यांना ते इतके सोयीचे वाटले की त्या बाल्कनीतही तेच घालायच्या.

 फोनमध्ये मागं पाणी दगडावर आपटत होतं, आपटून परत जात होतं. आणि त्या पाण्याच्या अलीकडे कुणीतरी मराठीत पुटपुटत होतं. "तीन साखळी, एक खांब. तीन साखळी, एक खांब." आई विणताना टाके असेच मोजतात.

मी फोन ठेवला आणि बाल्कनीचं दार उघडलं. आई वळल्या. त्यांच्या दातांत कपड्याचा चिमटा होता. पुटपुटणं त्यांना शक्यच नव्हतं.

३

जयंतला सांगितलं तेव्हा त्यानं आधी सगळं नीट ऐकून घेतलं. यंत्र बिघडलं की तो ऐकतो, तसं. मग एकेक शक्यता मांडली. दुसरं एखादं भारतीय कुटुंब असेल. आडनाव मला ऐकावंसं वाटलं तसं ऐकू आलं असेल. विणकाम करणाऱ्या बाया सगळीकडे टाके मोजतात.

"आणि बूट?"

"ऊर्मिला, ते बूट अर्ध्या युरोपच्या पायात आहेत."

"साडीखाली?"

त्यानं पुस्तक पुढं ओढलं. मग म्हणाला, "मी लावतो फोन. मिटवून टाकू."

मेमधल्या संध्याकाळी उजेड रेंगाळतो. उर्जा जमिनीवर बसून चित्र रंगवत होती. आई आंघोळीला गेल्या होत्या. पाण्याचा आवाज येत होता आणि त्यावरून त्यांचं स्तोत्र ऐकू येत होतं, मोठ्यानं, नेहमीसारखं शेवटच्या ओळीला लांबवलेलं.

जयंतनं उभ्यानंच नंबर फिरवला. जर्मनमध्ये स्वतःचं नाव सांगितलं, जरा करड्या आवाजात. मग ऐकत राहिला. "बिटे? काय म्हणालात?" म्हणाला. परत ऐकत राहिला. आणि मग मराठीत, एकदम लहान आवाजात, "कोण?"

मी त्याच्या जवळ गेले. त्यानं फोन कानाला घट्ट दाबून धरला होता, मला काही ऐकू येईना.

"हो," तो म्हणाला. "हो, जेवलो."

मग त्यानं हळूच फोन ठेवला.

"काय म्हणाली?"

"जयू म्हणाली मला." त्याला जयू फक्त आई म्हणायच्या. बाबासुद्धा जयंतच म्हणत. "विचारलं, जेवलास का."

"आणि तू हो म्हणालास."

"तोंडातून निघून गेलं." तो खुर्चीवर बसला. "आपण जेवलोही नाहीये अजून."

न्हाणीघरात स्तोत्राची शेवटची ओळ लांबली आणि संपली. नळ बंद झाल्याचा आवाज आला.

४

त्यानंतर आम्ही आईंना बघायला लागलो. त्यांना कळू न देता, पण सतत.

मी स्वतःला समजावत होते. फोनच्या तारांमध्ये काहीही होतं. एकमेकांत गुंततात, प्रतिध्वनी येतो. नवरा गेलेल्या बाईचं दुःख घरात असतं, ते आपल्या कानांपर्यंत येतं. पण मी रसायनवाली. प्रयोगशाळेत दोन बाटल्यांवर एकच लेबल सापडलं तर आम्ही दोन्ही बाटल्या टाकून देतो. घरी तसं करता येत नाही.

आईंनी क्रोशाची सुई बाजूला ठेवली होती. आता त्यांच्या हातात साधी शिवणाची सुई असायची. खाली कापड नाही, चौकट नाही. दोऱ्यावर दोरा घेत, गाठीवर गाठ मारत त्या एक जाळी करत होत्या. ती इतकी बारीक होती की प्रकाशात धरल्याशिवाय दिसायची नाही.

"हे कधी शिकलात आई?"

"बघून बघून येतं."

"कुणाचं बघून?"

त्यांनी मान वर केली आणि खिडकीकडे बघितलं. खिडकीबाहेर समोरच्या इमारतीची राखाडी भिंत आणि त्यापलीकडे एस-बानचे, इथल्या लोकलचे, रूळ होते. "आता कुणाकुणाची नावं सांगू," म्हणाल्या आणि परत सुई टोचली.

एकदा मी स्वयंपाक करत असताना त्या दारात येऊन उभ्या राहिल्या. "इथं पाणी फार वाजतं, नाही?"

"हीटिंगच्या पाइपांमध्ये वाजत असेल," मी म्हटलं.

हीटिंग एप्रिलपासून बंद होतं. त्यांना ते माहीत नसेल, पण मला होतं.

आणि उर्जा. ती आजीच्या मांडीवर बसून टीव्ही बघायची. आई मराठीत बोलायच्या, ती जर्मनमध्ये उत्तर द्यायची, दोघींचं छान चालायचं. एक दिवस तिनं आजीच्या पदरात नाक खुपसलं आणि मला ओरडून सांगितलं, "मम्मा, ओमा रीष्ट नाख मेअर!"

"काय म्हणते?" आईंनी विचारलं.

"आजीच्या अंगाला समुद्राचा वास येतो म्हणे."

आई हसल्या नाहीत. त्यांनी उर्जाला सावकाश मांडीवरून खाली ठेवलं, पदर आवरून घेतला आणि आपल्या खोलीत गेल्या. मी बाल्कनीत जाऊन त्यांची वाळत घातलेली साडी तोंडाशी धरली. आधी आमच्या साबणाचा वास आला. मग त्याच्याखालून, उथळ खारट पाणी चिखलावरून ओसरून गेल्यावर येतो तसा वास आला.

५

जयंतनं हॉटेल रद्द केलं. ट्रिपच नको, म्हणाला. आईंना सांगितलं, ऑफिसचं काम निघालंय.

"चालेल," आई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी मी विद्यापीठात गेलेच नाही. आई पलंगाच्या कडेला बसल्या होत्या. मी शेजारी बसले, त्यांचा हात हातात घेतला. तो गार होता. मांजरपाट पाण्यातून काढून पिळावं आणि हातात घ्यावं, तसा.

"आई, एक वेड्यासारखं विचारू? तुम्ही त्या बेटावर कधी गेला होतात का?"

त्यांनी मला वेड्यात काढलं असतं तर मी सुटले असते. त्या विचार करत राहिल्या.

"मी कुठं जाणार गं? पुस्तकावर बोट ठेवलं, तेवढंच." मग थोड्या वेळानं म्हणाल्या, "पण ठेवलं तेव्हा बरं वाटलं. हे गेल्यापासून पहिल्यांदा वाटलं, की इथं बसावं. खिडकीशी खुर्ची, हातात सुई. कुणाला अडचण नाही. उर्जानं हात उचलला तेव्हा मी उठले खरी. पण काहीतरी तिथंच राहिलं माझं."

"काय राहिलं?"

"ते कळलं असतं तर सांगितलं नसतं का?"

बाहेरून एस-बान गेली. ती जाईपर्यंत त्या थांबल्या.

"तुम्ही दोघं माझ्याबद्दल जर्मनमध्ये बोलता. बोला हो, मला राग नाही. पण तारीख कळते गं मला. ऑगस्ट म्हणजे जर्मनमध्येही ऑगस्टच."

व्हिसा ऑगस्टपर्यंत होता. आउसलेंडरबेहोर्डेत, म्हणजे परदेशी लोकांच्या कचेरीत जाऊन मुदत वाढवून मागायची का, मिळाली तर पुढं काय, माझा प्रबंध, उर्जाची शाळा, हे सगळं आम्ही रात्रीच्या जेवणाच्या टेबलावर, त्यांच्यासमोर, त्यांना कळू नये म्हणून जर्मनमध्ये बोलत होतो.

"वाईला कुलूप आहे, इथं तारीख आहे," त्या म्हणाल्या. आवाजात तक्रार नव्हती. "तिथं कुणी विचारत नाही, मी कधी जाणार म्हणून."

"तिथं म्हणजे कुठं, आई?"

 त्यांनी माझा हात दाबला, इतक्या जोरात की बांगडी रुतली.

"तू जा. तिला घेऊन ये."

"कुणाला?"

"राहिलीये ना, तिला. फार दिवस ठेवू नये कुणाकडे. मी नाही येत. आम्ही दोघी पाण्याजवळ समोरासमोर नको."

६

"तू काय आणणार आहेस तिथून?" जयंतनं विचारलं. तो चिडला होता. त्याला भीती वाटली की तो चिडतो.

"माहीत नाही. पण ती बाई विचारतेय. कुणीतरी जाऊन उत्तर द्यायला हवं ना?"

श्टुटगार्टहून पेन्शनरांच्या बस जायच्या. रात्रभर प्रवास, दिवसभर बेटं, परत रात्रभर प्रवास. मी एकटीचं तिकीट काढलं. शेजारी फ्राउ क्लाइन नावाच्या एक आजीबाई होत्या. त्यांनी मला वाटेत उकडलेली अंडी दिली आणि नातवंडांचे फोटो दाखवले. सगळं इतकं साधं होतं की बोटीत बसेपर्यंत मला वाटत होतं, मी मूर्खासारखी निघालेय. दुकान बघेन, आईंसाठी एक रुमाल घेईन आणि परत येईन.

बोटीतून उतरल्यावर रंग अंगावर आले. फोटोत दिसतात त्याहून गडद. दोऱ्यांवर धुणी, दारांना पडदे, मांजरं. दुकान एका जांभळ्या घरात होतं. गल्ल्यावरची बाई माझ्याच वयाची, चष्मा साखळीनं गळ्यात लटकवलेला. मी नाव सांगितलं नाही. तिनं विचारलंही नाही.

"वर," ती म्हणाली, आणि जिन्याकडे हात केला.

वरची खोली लांबट होती. एका बाजूला ओळीनं खिडक्या, प्रत्येक खिडकीशी एक खुर्ची आणि प्रत्येक खुर्चीत एक म्हातारी बाई, पाठमोरी. एकीच्या डोक्यावर आपल्या लमाणी बायकांसारखी ओढणी, एकीच्या अंगावर आमच्या शेजारच्या आजी घालतात तसलं फुलाफुलांचं अॅप्रन, एकीच्या खांद्यावर पुरुषाचा जाड ओव्हरकोट. कुणीही मान वळवली नाही. सुया चालल्या होत्या. एवढ्या सुया चालूनही आवाज असा काही नव्हता, फक्त खालचं पाणी. खिडकीच्या काचेत त्यांचे चेहरे दिसायला हवे होते. मी एकाच काचेत बघितलं आणि परत बघितलं नाही.

शेवटच्या खुर्चीत पांढरी साडी होती.

"आई," मी म्हटलं.

त्यांनी सुई स्वेटरला टोचून ठेवली, गुडघ्यावर हात देऊन उठल्या आणि मागं न वळताच हात माझ्याकडे केला. मी तो धरला. तो ऊबदार होता. घरी धरला होता त्याहून कितीतरी ऊबदार.

खाली आल्यावर मी दुकानातून घरी फोन लावला. जयंतनं उचलला.

"आई कुठं आहेत?"

"इथंच. माझ्यासमोर बसलीये. उर्जाची वेणी घालतेय." मग त्याचा आवाज बदलला. "का? तुझ्याजवळ कोण आहे?"

मी सांगायच्या आत पलीकडे फोन त्याच्या हातातून घेतला गेला.

"मिळाली का?" आईंचा आवाज.

"हो."

"दे तिच्याकडे."

मी फोन पुढं केला. शेजारच्या आईंनी तो घेतला आणि भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. मला एकाच बाजूचं ऐकू येत होतं. "हं... हं... नाही, गुडघा बरा आहे आता... अगं, दमलीस तू, आवाजावरून कळतंय... हो, त्यांची फार आठवण येते, मला नाही का येत?"  शेवटी, अगदी हळू, "तिला सांगू नकोस. घाबरेल."

आणि त्यांनी फोन ठेवला.

बसमध्ये निघण्याआधी ड्रायव्हरनं माणसं मोजली.  तो आमच्या सीटपाशी आला, दोघींवरून नजर फिरवून पुढं गेला आणि शेवटी म्हणाला, "श्टिम्ट." बरोबर आहे. फ्राउ क्लाइन मागच्या सीटवर बसल्या होत्या, जणू येतानाही त्या तिथंच होत्या.

वाटेत मी आईंचा चेहरा समोरून पाहिला नाही. मी वळले की त्या नेमक्या खिडकीकडे वळायच्या आणि म्हणायच्या, "ते बघ, केवढे डोंगर." माझा हात मात्र त्यांनी सोडला नाही.

७

आम्ही त्सुफेनहाउझेनला पोचलो तेव्हा सकाळ झाली होती. शनिवार. जयंत आणि उर्जा खाली मुलांच्या बागेत, वाळूत होते. आईंनीच दोघांना खाली पाठवलं होतं. ती आली की मला जरा एकटीला वेळ लागेल, म्हणाल्या होत्या.

उर्जा "ओमा!" म्हणून धावणार होती. जयंतनं तिला दंडाला धरून थांबवलं. तो माझ्याशेजारी उभ्या असलेल्या आईंकडे बघत होता. मग त्यानं मान वर करून आमच्या बाल्कनीकडे बघितलं. मीही बघितलं. तिथून कुणीतरी आत गेलं. पांढऱ्या पदराचं टोक दारात क्षणभर अडकलं आणि आतून ओढलं गेलं.

"ऊर्मिला," जयंत म्हणाला.

"तुम्ही थांबा इथंच," मी म्हटलं. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.

जिना चढताना त्या एकदाही थांबल्या नाहीत. मी किल्लीनं दार उघडलं. त्यांनी बूट काढले, ओळीनं ठेवले आणि कुठंही न बघता, न चाचपडता, आपल्या खोलीकडे गेल्या. दार उघडलं, आत गेल्या आणि दार लावून घेतलं.

मी स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी राहिले. माझ्या डोक्यात अजून कारणं चालली होती. मी झोपलेली नाही. प्रवासानं थकलेय. एका थकलेल्या बाईनं एका दुसऱ्या थकलेल्या बाईला कुठूनतरी आणलंय, आणि बाकी सगळं माझ्या डोक्यातलं.

मग बोलणं सुरू झालं. दोघींचा आवाज एकच होता. त्यामुळं कोण विचारतंय आणि कोण उत्तर देतंय ते कळेना. शब्द कळत नव्हते, सूर कळत होता. बऱ्याच दिवसांनी माहेरी भेटलेल्या बहिणी बोलतात, तो सूर. एकदा हसणं ऐकू आलं. त्यानंतर कुणीतरी रडलं, फार वेळ, बाबा गेले तेव्हाही आई रडल्या नव्हत्या तसं मोकळं. आणि दुसरं कुणीतरी समजूत घालत राहिलं.

हळूहळू एकच आवाज उरला. मग तोही थांबला.

दार उघडलं आणि आई बाहेर आल्या. मी त्यांचा चेहरा समोरून, पूर्ण, उजेडात बघितला. आईच होत्या. डोळे सुजलेले, गालावर चष्म्याची खूण, केस नुकतेच विंचरलेले. मी शोधत होते ते काहीही त्यात नव्हतं. त्यांनी मागं वळून दार लावलं. खूप हळू, कडी न वाजवता. आत कुणी झोपलेलं असलं की आपण लावतो, तसं.

त्या टेबलाशी येऊन बसल्या. इतके दिवस त्या कडेच्या खुर्चीवर, अर्ध्या बसायच्या. आज मधल्या खुर्चीवर पाठ टेकून बसल्या. आपल्या घरात बसावं तशा.

"दमलीस ना?" त्या म्हणाल्या. "चहा ठेव गं."

मी पातेलं गॅसवर ठेवलं आणि दोन कप काढले. जयंत आणि उर्जा खालीच होते. उर्जा चहा घेत नाही आणि जयंत सकाळी कॉफीच पितो, हे आईंना पक्कं ठाऊक होतं.

त्यांनी कपांकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"अगं, तिघींचा ठेव," त्या म्हणाल्या. "आणि तिला साखर घालू नकोस."